बास बोट: कुठली मऊ चालते, कुठली हातात राहते? (अनुभव आणि चर्चा)

पाणसाप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला राहतो. सध्या माझ्याकडे १८ फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे, मागे ११५ हॉर्सपॉवर. सकाळच्या शांत पाण्यात तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण टेक्सोमा तलावावर दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की रॅम्पवर परत येईपर्यंत कंबरेचे टाके ढिले होतात, आणि शेजारच्या सीटवरून सौ. जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून वापरलेली २० किंवा २१ फुटी फायबरग्लासची बोट घ्यायचं चाललंय. त्या निमित्ताने क्लबातल्या ओळखीच्यांच्या आणि डीलरच्या डेमोच्या मिळतील तेवढ्या बोटींत बसून घेतलं. मराठीत यावर काहीच सापडत नाही, तेव्हा जे जाणवलं ते मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. त्याच्यासाठी म्हणून पहिली खास बोट १९४८ मध्ये होम्स थरमंड यांनी लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला केली, ती स्कीटर. मग १९६८ मध्ये फॉरेस्ट वूड यांनी आर्कान्सातल्या फ्लिपिन गावात रेंजर सुरू केली. आजची बास बोट म्हणजे बसकी, पुढेमागे उभं राहून गळ टाकायला सपाट डेक, आणि मागे २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. मोठ्या स्पर्धांत २५० चीच मर्यादा आहे, म्हणून सगळे कारखाने तिथेच येऊन थांबतात. रुंदीही सगळ्यांची ९५ इंचांच्या आसपास, कारण रस्त्यावरून ओढायची तर साडेआठ फुटांच्या आत राहावं लागतं. इंजिन तेच, रुंदी तीच. मग एक बोट गादीसारखी आणि दुसरी आपटत का चालते? सगळी गंमत बुडाची आणि वजनाची.

बुडाच्या मधोमध, मागच्या बाजूला, एक अरुंद सपाट पट्टी असते. तिला पॅड म्हणतात. वेग वाढला, इंजिन ट्रिम करून (म्हणजे बोटीपासून बाहेर कलवून) नाक उचललं, की अख्खी बोट या पट्टीवर उभी राहते आणि बाकीचं बूड हवेत. पाण्याचं घर्षण कमी, वेग जास्त. पॅडच्या दोन्ही बाजूंना बूड व्हीसारखं चढत जातं. हा व्ही जितका खोल तितकी लाट कापली जाते. जितका उथळ तितकी बोट चटकन पाण्यावर चढते आणि उभी असताना कमी डुलते, पण लाटेवर फटकन बसते. दोन्ही एकदम मिळत नाही. ब्रोशरमध्ये मिळतं म्हणतात.

आता बोटी. रेंजर झेड५२१ मध्ये पहिली गोष्ट जाणवली ती वजन. लाटेला लागल्यावर ती थबकत नाही, आपल्याच जोरात पुढे जाते. आवाजही धप्प असा जाड येतो, डबा वाजल्यासारखा नाही. वळताना मात्र आधी ठरवून वळवावी लागते. स्कीटरची एफएक्सआर२१ त्याच घराण्यातली वाटली: मोठी, रुंद नाकाची, उघड्या पाण्यात निवांत. बास कॅट पुमा अगदी दुसऱ्या टोकाला. स्टिअरिंगला बोट लावलं की वळते, वळणात धरून ठेवते, नाक पटकन उचलते. चालवायला सगळ्यात मजा तिच्यातच आली, हे लपवत नाही. फीनिक्स ९२१ मला मधली वाटली; लाटेत मऊ, आणि इंजिन ट्रिम केल्यावर हातात शांत.

या सगळ्यांशिवाय एका जुन्या, हलक्या, शर्यतीच्या धाटणीच्या बोटीतही बसलो. मालकाला वाईट वाटू नये म्हणून नाव देत नाही. सत्तर मैलांवर ती अशी डावी-उजवीकडे हलायला लागली की मी दोन्ही हातांनी कडी धरली. मालक हसत होते.

अजून एक. मऊ आणि कोरडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक बोट अजिबात आपटली नाही, पण आडव्या वाऱ्यात सगळा फवारा थेट माझ्या चष्म्यावर. एप्रिलमध्ये चालेल, जानेवारीत नाही.

प्रश्न असा: माझं निम्मं पाणी लेक फोर्क, उरलेलं टेक्सोमा आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी सॅम रेबर्न. जड घ्यावी की चपळ?

निळी_छत्री

छान लिहिलंय. पण मला पहिली शंका ही की तुम्ही बोटींची तुलना केलीत की सामानाची? डेमोच्या बोटीत टाकी पाव भरलेली असते आणि लॉकर रिकामे. क्लबातल्या माणसाच्या बोटीत त्याचा संसार असतो.

हिशोब करा. पेट्रोल गॅलनला सहा पौंडांच्या आसपास. पन्नास गॅलनची टाकी भरली की तीनशे पौंड. लाइव्हवेल, म्हणजे मासे जिवंत ठेवायची टाकी, तीस गॅलन धरली तर पाण्याचेच अडीचशे पौंड. नाकावरची ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासे धरताना बोट हळू हलवायची विजेची मोटर, शंभराच्या आसपास. त्यात हल्ली समोर बघणारे सोनार आल्यापासून पुढच्या डेकवर दोन-दोन मोठे स्क्रीन लावतात, तेही नाकावरच. मागे ट्रोलिंगच्या तीन लेड बॅटऱ्या, प्रत्येकी साठेक पौंडाच्या. त्या काढून लिथियम टाकल्या की मागचं शंभर पौंड वजन सहज जातं.

माझ्या बोटीत हेच केलं. बोट तीच, इंजिन तेच, प्रोपेलर तोच, पण नाक पूर्वीसारखं उचलेना, आणि समोरच्या लाटेत जिथे आधी सरकत जायची तिथे बसायला लागली. गळाच्या सामानाचे दोन टॅकल बॉक्सचे ढीग पुढून मागे हलवले, तेव्हा बरंच जमलं. कुणी 'माझी अमुक बोट फार आपटते' म्हणालं की मी आधी लॉकर उघडून बघतो.

उत्तरेची_थंडी

मिशिगनहून. आमचं घरचं पाणी लेक सेंट क्लेअर, आणि जमेल तेव्हा इरीचा पश्चिम भाग. तुम्ही टेक्सासवाले ज्याला खवळलेलं पाणी म्हणता त्यावर आम्ही चहा पितो. (चिडू नका.)

सेंट क्लेअर नकाशावर समुद्रासारखं दिसतं, पण सरासरी खोली अवघी अकरा फूट. उथळ पाण्यावर वारा आला की लाट उंच होण्याआधी उभी होते आणि एकीच्या मागे एक खेटून येते. तीन फुटी लाट लांब-लांब असेल तर काहीच वाटत नाही. तीच खेटून आली की बोटीचं नाक एकीवरून उतरतंय तोवर दुसरी तोंडावर. इथे २१ फुटीचा फायदा खरा आहे, कारण लांब बोट दोन माथ्यांवर टेकू शकते आणि मधल्या खड्ड्यात पडत नाही. इथे जुन्या चॅम्पियन बोटी अजून जपून ठेवणारी माणसं आहेत, ती त्यांच्या खोल व्हीसाठीच.

पण पाणसाप, तुमच्या लेखात चालवणारा माणूस कुठेच नाही. समोरून लाट असेल तर इंजिन आत घ्यायचं, म्हणजे नाक खाली येतं आणि बुडाचा धारदार भाग पाण्याला लागतो. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: नाक वर ठेवून वेगात जातात आणि बुडाच्या सपाट भागावर आपटून घेतात. मागून लाट असेल तर नाक उचलूनच ठेवायचं, नाहीतर लाटेवरून उतरताना ते पुढच्या लाटेत घुसतं. बास बोटीच्या कडा इतक्या बसक्या की एकदा नाक घुसलं की पाणी डेकवरून थेट मांडीवर. आणि थ्रॉटलवरचा पाय सतत हलता हवा. चढताना थोडा जोर, माथ्यावर सोडायचा.

आणि शेजारी कोण बसलंय हे बघा. चालवणाऱ्याला लाट दिसते, हातात चाक असतं, तो आपोआप गुडघे सैल करतो. शेजारचा बिचारा बेसावध. आमच्याकडे मी चालवते, हे शेजारी, आणि तक्रारी आता त्यांच्याकडून येतात. :)

हुरडा

पुण्यातून वाचतोय, बोटीतलं ओ की ठो कळत नाही, तरी धागा सोडवत नाहीये. दोन बाळबोध प्रश्न. सत्तर मैल म्हणजे एकशे दहा किलोमीटर. पाण्यावर? सीटबेल्ट असतो का? आणि एवढं करून पकडलेला मासा खाता की नाही?

चौथा_गिअर

@हुरडा, सीटबेल्ट नसतो आणि नसावाच. बोट उलटली तर बांधलेला माणूस खाली अडकेल. त्याऐवजी किल स्विच असतो. एक दोरी लाइफ जॅकेटला अडकवायची, माणूस फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन बंद. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर अमेरिकेत ती लावणं केंद्रीय कायद्यानेच सक्तीचं झालंय. त्याआधी अर्धे लोक ती स्टिअरिंगला गुंडाळून ठेवायचे. मासा बहुतेक जण सोडून देतात. १९७२ पासून रे स्कॉट यांनी स्पर्धांत मासे जिवंत सोडायची प्रथा रुजवली. मेलेला मासा वजनाला आणला तर गुण कापतात. ती लाइव्हवेल त्यासाठीच.

आता मुद्द्याचं. मूळ लेखात जी बोट डावी-उजवीकडे हलत होती, त्याला चाइन वॉक म्हणतात, आणि त्यात बोटीचा दोष असतोच असं नाही. एका अरुंद पॅडवर अख्खी बोट तोलून चाललीय. ती एका बाजूला जराशी कलते, बुडाची ती कड पाण्याला लागते, पाणी तिला परत ढकलतं, ती दुसरीकडे जाते. चालवणारा उशिरा स्टिअरिंग फिरवतो आणि प्रत्येक झोका आणखी मोठा करतो. स्टिअरिंगमध्ये जराही ढिलेपणा असेल तर हे हमखास. जुन्या केबल स्टिअरिंगवर तो असतोच. हायड्रॉलिक बसवा, त्यातली हवा नीट काढून घ्या, निम्मा आजार तिथेच जातो. दोन्ही हात चाकावर हवेत, म्हणून थ्रॉटल पायात घेतात. त्याला हॉट फूट म्हणतात. झोका सुरू झाला की पाय एकदम सोडू नये. नाक धाडकन खाली येतं, पुढची बाजू पाणी पकडते, आणि मागची बाजू पुढे यायला बघते. इंजिन थोडं आत घ्यायचं, वेग हळू उतरवायचा.

पुमासारख्या चपळ बोटी हे मागतातच. मला त्याच आवडतात. पण ज्याला वीकेंडला मुलांना घेऊन जायचंय त्याने ही हौस करू नये, असं स्पष्ट मत.

सौदागर_बोटवाला

जड बोट घ्या आणि मोकळे व्हा. एवढा काथ्याकूट कशाला?

देवगडकर

जरा अवांतर. आमच्याकडे किनाऱ्यावर फायबरच्या होड्या छोटं आउटबोर्ड लावून फुटत्या लाटेतून बाहेर काढतात. नाळ, म्हणजे होडीचं नाक, अशी उंच उचललेली की लाट खालून जाते. इथे आल्यावर पहिल्यांदा बास बोट बघितली तेव्हा वाटलं, हिची नाळ कुणी कापून नेली? नंतर कळलं, उंच नाळ असती तर पुढे उभं राहून गळ कसा टाकणार, आणि वाऱ्याने ती ट्रोलिंग मोटरला जुमानली नसती. प्रत्येक पाण्याची आपली होडी. @हुरडा, उजनीवर यातली आणू नकोस बाबा.

गुंटर्सव्हिलचा_नाना

अलाबामाहून. कुणीच अजून प्रोपेलरवर बोललं नाही, म्हणून लिहायला बसलो.

बोट विकून दुसरी घेण्याआधी प्रोपेलर बदलून बघा. तीन पात्यांचा, मागे जास्त कललेल्या पात्यांचा प्रोपेलर नाक उचलतो आणि वरचा वेग एक-दोन मैल जास्त देतो. चार पात्यांचा मागची बाजू उचलून धरतो, वळणात आणि लाटेत पाणी सोडत नाही, आणि कमी वेगातही बोट प्लेनवर, म्हणजे पाण्यावर चढून सरकत, टिकवतो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. खराब पाण्यात तुम्हाला सत्तरने नाही, पंचवीस-तीसने जायचंय. ज्या बोटीला प्लेनवर राहायलाच तीसच्या वर लागतं ती तुम्हाला दोनच पर्याय देते: जोरात आपटा, किंवा खाली बसून नाक वर करून रांगा. माझ्याकडे चार पात्यांचा बसवल्यावर बोट बावीसलाही खाली बसेना. वरचा वेग थोडा गेला, गेला तर जाऊ दे.

दुसरं, जॅक प्लेट. इंजिन वर-खाली करायची पट्टी. शांत पाण्यात इंजिन वर घ्या, वेग मिळतो. लाटेत एक-दोन इंच खाली घ्या, प्रोपेलर हवा गिळणं थांबवतो. वर घेताना पाण्याच्या दाबाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. दाब पडला म्हणजे इंजिनला थंड करायचं पाणी मिळत नाहीये.

@उत्तरेची_थंडी, ताई, चहाचं मान्य. पण आमच्याकडे टेनेसी नदीवर वारा प्रवाहाच्या उलट दिशेने आला की तुमचा चहासुद्धा सांडेल.

काठावरचा

मी ॲल्युमिनियमच्या बाजूने एक बोलतो, कारण इथे तिला कुणी वालीच नाही. पाणसाप, तुमचं निम्मं पाणी फोर्क म्हणालात. फोर्कचं सत्तावीस हजार एकरांचं पाणी अडवलं तेव्हा आतलं जंगल बरंचसं तसंच उभं ठेवलं. बोटींसाठी आखलेल्या वाटा सोडल्या तर जागोजागी पाण्याखाली बुंधे. तिथे तुम्ही कितीही उत्तम बुडाची बोट न्या, चालणार ती रांगतच. बुंध्याला घासली तर ॲल्युमिनियमला पोचा येतो आणि दिवस पुढे चालू. फायबरला जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, उडतो, आणि खोल गेलं तर खिशाला.

आता एक्सप्रेस, व्हेक्सस वगैरेंच्या जोड मारलेल्या, पॅड असलेल्या ॲल्युमिनियम बोटी येतात. रिव्हेटवाल्या जुन्या डब्याशी त्यांची तुलना करू नका. हो, वाऱ्यात हलकी बोट भरकटते, ट्रोलिंग मोटरला जास्त राबावं लागतं. आणि टेक्सोमाच्या त्या दुपारी २१ फुटी जड फायबरएवढी मऊ ती होणार नाही, हे नाकारत नाही. पण वर्षातल्या किती दुपारी?

पाणसाप

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

@निळी_छत्री, मुद्दा पटला. रेंजरच्या डेमोत आम्ही चौघं होतो आणि पुमात दोघं. पुमा चपळ वाटण्यात त्याचा वाटा किती, हे पुन्हा बसल्याशिवाय कळणार नाही.

@काठावरचा, दुपारी थोड्याच, पण त्याच दुपारी घरात आठवडाभर गाजतात.

@गुंटर्सव्हिलचा_नाना, बावीसवाला मुद्दा मी कुठेच वाचला नव्हता. डीलर वरचा वेग सांगतो, खालचा कुणी सांगत नाही. विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी गाडीचा रिव्हर्सचा मायलेज विचारला.

निळी_छत्री

मग परत बसायला जाल तेव्हा हे करा. टाकी भरलेली मागा, पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या. लाइव्हवेल भरून घ्या. सौ. ना शेजारच्या सीटवर बसवा, डीलरला घरी ठेवा. सकाळी जाऊ नका, वारा सुटल्यावर जा. सेल्समन 'आज पाणी ठीक नाही' म्हणाला की समजा योग्य दिवस मिळाला. वेग हळूहळू कमी करत नेऊन बोट कुठे खाली बसते ते काट्यावर बघा. मग त्याच लाटेला समोरून, तिरकं आणि मागून घ्या. तिरकं विसरू नका. समोरून मऊ असलेली बोट तिरक्या लाटेत कधीकधी एका कडेवर असं बसते की मान मोडते.

उत्तरेची_थंडी

+१. शिवाय सीट कुठे आहे तेही बघा. लाटेत नाक सर्वात जास्त वर-खाली होतं, मागचं टोक सर्वात कमी. ज्या बोटीत चालवणाऱ्याची जागा फूटभर मागे सरकवलीय तीत त्याच लाटेचा फटका कमी लागतो. मग पुढचा डेकही लांब मिळतो. फक्त मागचा डेक आखूड होतो, तेव्हा मागे उभं राहून मासेमारी करणाऱ्या जोडीदाराला विचारून घ्या.

वापरलेली घेताय म्हणून एक. सीटचा फोम दाबून बघा. जुन्या बोटीत तो बसलेला असतो, आणि लोक बुडाला शिव्या देतात. दोन नवीन सीट किंवा खाली शॉक लावलेले स्टँड हे बोट बदलण्यापेक्षा फार स्वस्त.

चौथा_गिअर

आणि ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची भिंत. इंजिनाच्या खालच्या पायाला धरून जोरात वर-खाली हलवा, दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या कडेकडे बघायला सांगा. ट्रान्सम लवला किंवा कोपऱ्यात बारीक तडे दिसले तर ती कितीही मऊ चालो, सोडून द्या. पाचशे पौंडांचं इंजिन तिथे लटकलंय.

आणखी एक बारकावा. अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींना पाण्याने भरल्यावरही आडव्या तरंगत राहण्याचा कोस्ट गार्डचा नियम आहे. २० च्या वर तो लागू नाही. काही कंपन्या स्वतःहून पाळतात, काही नाही. तुम्ही १८ वरून २१ वर जाताय, तेव्हा हे विचारून घ्या.

पाणसाप

हे माहीत नव्हतं. विचारतो.

तूर्तास ठरलंय असं: जड. फोर्कवर तशीही रांगायचीय, तिथे चपळाई वाया जाणार. टेक्सोमा आणि रेबर्नला वजन कामी येईल. एक वापरलेली २१ फुटी टायलरच्या बाजूला बघून ठेवलीय, तीन पात्यांचा प्रोपेलर आहे. मालक वाऱ्याच्या दिवशी पाण्यात घालायला तयार झालेत, फक्त टाकी मी भरायची. सौ. येतायत.

पुमाचं दुःख चौथा_गिअर समजू शकेल.

चौथा_गिअर

समजतं. हॉट फूट लावून घ्या, थोडं कमी होईल.

हुरडा

उजनीचं कॅन्सल. प्रोपेलर बदलल्यावर बावीसचं काय झालं ते इथेच लिहा, मी धागा वर काढत राहीन.